अकरा कण

"मग बर्फ कधी गेला?"

उबाळे सरांनी विचारलं, आणि हेमांगीच्या हातातला पेढ्यांचा पुडा हातातच राहिला.

अजून तिनं चपला काढल्या नव्हत्या. नमस्कारही राहिला होता. पुण्याहून जुन्नरपर्यंत एसटी, तिथून वडापची जीप आणि फाट्यापासून उसाच्या कडेकडेनं अर्धा तास पायी. इतकं करून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात.

"तेच सांगायला आलेय, सर."

"सांग की."

"राख पडली तेव्हाच गेला. आधी नाही."

सर ओट्यावर बाजेवर बसले होते. मांडीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. शेंगा फोडायचं काही त्यांनी थांबवलं नाही.

"म्हणजे माझी हजार वर्षं गेली."

"हो, सर."

"गेली तर गेली. बस."

ती बसली. लगेच उठली, चपला काढून आली, सरांच्या पाया पडली आणि परत बसली. बसल्यावर तिचा उजवा पाय आपोआप हलायला लागला.

प्रकरण असं होतं.

नॉर्वेतल्या एका दरीत एक तळं आहे. फार पूर्वी ती दरी बर्फानं भरलेली होती, वर डोंगराची नुसती टोकं दिसावीत इतकी. बर्फ वितळून मागे सरला, खड्ड्यात पाणी साचलं आणि वर्षामागून वर्ष तळाशी गाळ बसत गेला. बर्फ होता तोवरची माती करडी, खडे मिसळलेली, दगडासारखी टणक. बर्फ गेल्यानंतरचा गाळ काळपट आणि मऊ. दोहोंच्या मध्ये एक रेघ. ती रेघ म्हणजे बर्फ गेला ती वेळ. फक्त रेघेवर तारीख लिहिलेली नसते.

तारीख असते राखेला. बारा हजार वर्षांपूर्वी आइसलँडमधला एक ज्वालामुखी फुटला. त्याची राख वाऱ्यावर समुद्र ओलांडून आली आणि त्या तळ्यातही पडली. गाळात तिचा नखाएवढा जाड पट्टा आहे.

तीस वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांबरोबर उबाळे सरांनी त्या तळ्यात पाइप ठोकून गाळाची एक कांडी बाहेर काढली होती. कांडी हा सरांचाच शब्द. बाकीचे सगळे कोअर म्हणत. राखेचा पट्टा रेघेच्या एक वीत वर होता. वीतभर गाळ साचायला तिथे हजार वर्षं लागतात. म्हणजे राख पडली त्याच्या हजार वर्षं आधीच बर्फ गेलेला होता. हिशेब सरळ होता आणि त्या आकड्याला सरांचं नाव चिकटलं ते कायमचं.

मागच्या वर्षी त्याच तळ्यातली नवी कांडी हेमांगीच्या वाट्याला आली. आणि तिला पट्ट्याच्या वीतभर खाली, अगदी रेघेवर, राखेतल्या काचेचे कण सापडले. पट्ट्यातल्या काचेसारखीच काच. म्हणजे राख आधी रेघेवरच पडली होती. वरचा पट्टा नंतर कधीतरी डोंगरउतारावरून धुऊन आलेला. म्हणजे बर्फ आणि राख यांची गाठ एकाच वेळी पडली. हजार वर्षं साफ पुसली गेली.

कण अकरा होते. मोहरीच्या एका दाण्यावर शेकडो मावतील, असले.

"किती म्हणालीस?"

"अकरा."

"मोजलेस?"

"सात वेळा."

सर हसले. "मी असतो तर तीनदाच मोजले असते. चांगलंय. शोधनिबंध कधी धाडायचाय?"

"आज. रात्री बाराच्या आत. तिकडे सगळ्यांनी वाचलाय. सहलेखक म्हणून फक्त तुमचा होकार राहिलाय. मेलवर. एक ओळ पुरेल." तिनं श्वास घेतला. "तो छापायला गेला तरच मला तिकडची जागा मिळणारेय. दोन वर्षांची."

"अरे वा."

"सर, तुम्ही आधी वाचून घ्या. मी प्रत आणलीय. तुमच्या आकड्याविरुद्ध आहे तो, म्हणून म्हटलं समोर बसून..."

"वाचतो नंतर. माझं नाव घाल. आणि पहिल्याच परिच्छेदात लिही, उबाळे चुकले. आडपडदा ठेवू नकोस."

हेमांगीचा पाय हलायचा थांबला.

रस्ताभर तिनं उत्तरं तयार केली होती. चौदा. सर असं म्हणाले तर हे सांगायचं, तसं म्हणाले तर ते दाखवायचं. जीपमध्ये शेजारच्या बाईला तिचे ओठ हलताना दिसले तेव्हा बाई थोडी सरकून बसली होती. वर्गात पहिली येणारी, परिषदेत उभी राहून परदेशी प्राध्यापकाच्या नकाशातली चूक दाखवणारी ही मुलगी आज आपल्या गुरूचा आकडा पाडायला आली होती.

आणि गुरूनं तो स्वतःच काढून तिच्या हातात दिला होता. शेंगा फोडता फोडता.

तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं.

"पेढे, सर." तिनं पुडा पुढे केला.

"राहू दे तुझ्या पिशवीत. आपल्याकडे पेढे कधी?"

"तारीख पक्की झाल्यावर."

सरांच्या प्रयोगशाळेतला तो जुना रिवाज होता. निकाल आला म्हणून पेढे नाहीत, निबंध छापला म्हणून नाहीत, कोणाला पदवी मिळाली म्हणूनही नाहीत. एखाद्या थराची तारीख पक्की झाली, की मग.

"झालीच की पक्की, सर."

"झाली?"

"...हो."

"मग बरंय," सर म्हणाले. पण पुड्याकडे हात काही गेला नाही.

आतून काकू चहा घेऊन आल्या. "तारीख पक्की झाली म्हणे? कोण आहे गं मुलगा? आणि आम्हाला आज कळवतेस होय!"

"बर्फाची तारीख, काकू."

"जळ्ळा तुमचा बर्फ मेला!" काकूंनी कप तिच्या हातात दिला. "चाळीस वर्षं ऐकतेय, कधी गेला, कधी गेला. गेला ना? मग जाऊ दे की त्याला."

सर हसले. हेमांगीलाही हसायचं होतं. तिनं चहाचा घोट घेतला, तोंड भाजलं.

सरांना तिनं एक गोष्ट सांगितली नव्हती.

कोणालाच सांगितली नव्हती.

कांडी उसासारखी उभी चिरतात, दोन अर्धी करतात. एक अर्धं कामाला, एक तसंच जपून ठेवायला. चिरल्यावर तोंडावर चिखल माखलेला असतो. तो पात्यानं तासून काढावा लागतो. पण पातं फिरवायचं ते आडवं. डावीकडून उजवीकडे, पुसायचं, पुन्हा डावीकडून उजवीकडे. ज्या थराचा चिखल त्याच थरात राहिला पाहिजे. वरून खाली पातं ओढलं, तर वरचा काळ खालच्या काळात जातो, आणि मग तो कोणाला वेगळा काढता येत नाही.

पहिल्या वर्षी सरांनी तिला हेच शिकवलं होतं. तीन आठवडे, फक्त हेच. पीएचडी करायला आलेय की ओटा पुसायला, असं ती मैत्रिणीला फोनवर म्हणाली होती.

पंधरा जानेवारीला ती पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या थंड खोलीत एकटी होती. हात राखेच्या पट्ट्यावर होता. आणि मागे कॉम्प्रेसर धाडकन सुरू झाला.

ती दचकली.

तिचं दचकणं सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. कुकरच्या शिट्टीला दचकायची, दारावरच्या बेलला दचकायची, स्वतःच्या शिंकेलासुद्धा एकदा दचकली होती. सर नोकरीत होते तेव्हा प्रयोगशाळेत शिरताना दारातच खोकायचे. फक्त तिच्यासाठी.

त्या दिवशी खोकणारं कोणी नव्हतं. तिनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा पातं पट्ट्यावर नव्हतं. खाली होतं. किती खाली, ते तिला आजही सांगता आलं नसतं.

मग तिनं ती जागा आडवी तासली. दोनदा. तीनदा. काही दिसेना. सगळं स्वच्छ. साफ करण्याआधीचा फोटो काढायचा असतो, तो राहिलाच होता. वहीत तिनं लिहिलं, "पृष्ठभाग साफ केला." हे खोटं नव्हतं.

आणि तिथूनच पुढे तिनं नमुने घेतले. तिथेच ते अकरा कण सापडले.

ते तिथे बारा हजार वर्षं होते की पंधरा जानेवारीपासून?

"साफ कोणी केली?"

हेमांगी इतकी दचकली की चहा बशीत सांडला. "अं?"

"कांडी. तासली कोणी?"

"मीच, सर."

"एकटीनं?"

"हो."

"आधीचा फोटो?"

"...राहिला."

"हं."

तिनं पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. पुढचा प्रश्न आला नाही. शेंग फुटल्याचा आवाज आला फक्त. मग आणखी एक.

ती उठली. "सर, मला पाचची एसटी गाठायचीय. शेवटची आहे. तुम्ही तेवढी ओळ..."

"हो हो." सरांनी फोन घेतला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. फोन नाकाशी नेऊन ते एका बोटानं एकेक अक्षर दाबू लागले. "म-ला... मा-न्य... आहे. खाली उबाळे. बघ, बरोबर झालंय?"

तिनं पाहिलं. बरोबर झालं होतं. बोट लावायचा अवकाश.

"पाठवू?"

 तिनं मान हलवली, पण ती हो म्हणाली की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

सरांनी डोळे बारीक करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार.

"पाठवतो. आधी माझं एक काम कर. नदीकडेचा आपला पांढरा पट्टा सगळा मळलाय. उद्या गावातल्या शाळेच्या बाई येणारेत बघायला. मला आता धड दिसत नाही, हात कापतो. तेवढा तासून दे."

"आत्ता, सर?"

"पंधरा मिनिटांचं काम. एसटी नाही चुकत."

नदी घरामागेच होती. काठ उभा तुटलेला, दोन पुरुष उंच. त्या कापात तपकिरी मातीच्या मधून हातभर रुंदीचा एक फिका पट्टा दूरवर गेला होता. गावातल्या म्हाताऱ्या त्याला पांढरीची माती म्हणत. तीही राखच होती.

"सुमात्रातल्या ज्वालामुखीची ना, सर? पंच्याहत्तर हजार वर्षांची?"

"म्हणतात तसं. भांडतात अजून." सरांनी तिला खुरपं दिलं. "इथे. दोन हात उंच, एक हात रुंद. वरून सुरू कर."

ती गुडघ्यावर बसली. पाठपिशवी शेजारी ठेवली. फोन पाहिला, खिशात टाकला, पुन्हा काढून पाहिला. चार वाजायला पाच मिनिटं.

मग तिनं खुरपं टेकवलं. डावीकडून उजवीकडे. गवतावर पुसलं. डावीकडून उजवीकडे. पुसलं.

वाळलेली माती पापुद्र्यासारखी सुटत होती. खालून ओलसर, ताजा रंग वर येत होता. तपकिरी. मग जरा तांबूस. मग एकाएकी फिकं, पिठासारखं मऊ.

हाताला ते सगळं पाठ होतं. तीन आठवडे गिरवलेलं. तिचा श्वास खुरप्याबरोबर चालायला लागला. जानेवारीनंतर पहिल्यांदाच तिच्या डोक्यात काही वाजत नव्हतं.

"सर, आहात ना?"

"आहे."

तिनं मान वळवली. सर मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघत होते.

ती पुन्हा कामाला लागली. पांढरा पट्टा अर्धा उघडा झाला. डावीकडून...

खाट्!

काठावर पत्र्याच्या पेटीतला पंपाचा स्टार्टर लागला. वीज आली होती. ऑटोवर टाकलेली मोटर एकदम गुरगुरली, तिच्या पायाशी पडलेला काळा पाइप सापासारखा उसळला आणि वरच्या शेतात पाणी फेसाळत कोसळलं.

हेमांगी किंचाळली. डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा खुरपं वीतभर खाली होतं. पांढऱ्या पट्ट्यातून निघालेला एक ओरखडा थेट तपकिरी मातीत उतरला होता.

मोटर चालू होती. पाणी पडत होतं.

सर खोकले नव्हते.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"रोज चारला येते लाइट. कधी पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे." सर काठी टेकत जवळ आले. वाकून, नाक मातीला लागेल इतकं वाकून त्यांनी तो ओरखडा पाहिला. काठीचं टोक त्याच्या खालच्या टोकाला लावलं.

"ही राख कधी पडली?"

"सर, ही माझ्या हातून..."

"कोणाच्या हातून ते नाही विचारलं. कधी पडली?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे?"

तिनं फोन पाहिला. "चार वाजून सात मिनिटांनी."

"आणि वरची?"

"पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वी... म्हणतात."

"हं. पूस बघू तो ओरखडा."

तिनं खुरपं पुसलं. एक आडवा हात. दुसरा. तिसरा. ओरखडा गेला. माती स्वच्छ, सपाट, सारखी. तिथे कधी काही झालंच नव्हतं अशी.

"गेली राख?"

"दिसत नाही, सर."

"मी विचारलं, गेली का?"

हेमांगीनं त्या जागेवरची चिमूटभर माती नखानं काढली. तळहातावर घेतली, बोटानं पसरली. ऊन तिरपं झालं होतं. तिनं हात उन्हात धरला, जरा कलता केला.

तपकिरी मातीत काहीतरी चमकलं. सुईच्या टोकाएवढं. मग आणखी एक.

तिनं मूठ मिटली.

"पंधरा जानेवारी," ती म्हणाली.

 सर काठावरच्या दगडावर बसले, काठी आडवी ठेवली.

"दुपारी पावणेतीन. कॉम्प्रेसर सुरू झाला. पातं पट्ट्यावर होतं. किती खाली गेलं, माहीत नाही. मी डोळे मिटले होते, सर. मी नेहमी डोळे मिटते." तिनं मोकळा हात हवेत आडवा फिरवला. "नंतर आडवं तासलं. तीनदा. काही दिसत नव्हतं. म्हणून मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही वाटलं नाही. मी वाटूच दिलं नाही."

पाइपाच्या एका सांध्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती. सरांचं धोतर भिजत होतं. ते हलले नाहीत.

"पण सर, ते कण खरेही असतील."

"असतील."

"नसतीलही."

"नसतील."

"तुम्ही तर लगेच हो म्हणालात! माझा आकडा गेला म्हणालात. एकदा तरी भांडायचं होतंत माझ्याशी!"

"कशावर भांडू? मी काही तिथे नव्हतो. बारा हजार वर्षांपूर्वी नव्हतो, जानेवारीतही नव्हतो."

तिनं खुरपं मातीवर ठेवलं.

"दुसरं अर्धं कुठाय?" सरांनी विचारलं.

"पुण्यालाच. थंड खोलीत. वेष्टणसुद्धा काढलेलं नाही."

"मग?"

"ते उघडायचं म्हणजे मला सांगावं लागेल, का उघडायचं. सगळ्यांना. मग नमुने, मग पुन्हा मोजणी. सहा महिने, सर! निबंध आज जाणार नाही. जागा दुसऱ्याला मिळेल."

"मिळेल."

"आणि एवढं करून कदाचित तुमचाच आकडा बरोबर निघेल."

"निघेल. किंवा तुझा. किंवा दोघांचाही नाही." सरांनी खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. त्यांनी मघाशी लिहिलेली ओळ तशीच होती. मला मान्य आहे. उबाळे. "मला ते पाठवायचं बटण काही नीट दिसत नाही. तू दाब."

फोन हातात घेऊन ती उभी राहिली. बोट बटणावर आलं. तिथेच राहिलं.

घड्याळात चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. आत्ता निघाली, भराभर चालली, तर एसटी मिळत होती. हॉस्टेलवर साडेआठला. निबंध नऊला. बाराच्या कितीतरी आधी. आणि दोन वर्षं त्या देशात, जिथे ते तळं खरोखर आहे, जे तिनं अजून फक्त फोटोत पाहिलं होतं.

तिनं अक्षरं पुसायला सुरुवात केली. शेवटापासून. एकेक. सरांनी लिहिली होती तितक्याच सावकाश.

पाटी कोरी झाल्यावर तिनं फोन परत दिला. खाली बसली. पाठपिशवीतून वही काढली. जानेवारीचं पान सापडायला वेळ लागला नाही. वही तिथेच उघडली. "पृष्ठभाग साफ केला." त्या ओळीच्या खाली थोडी जागा होती.

हाताला चिखल होता. पेन निसटत होतं. तिनं तरी लिहिलं. तारीख. वेळ. कॉम्प्रेसर. दचकले. पातं पट्ट्यावरून खाली ओढलं गेलं. किती, माहीत नाही. आधीचा फोटो नाही. रेघेवरचे कण याच जागेचे. दुसरं अर्धं उघडून पाहिल्याशिवाय धरू नयेत.

खाली सही केली. आणि आजची तारीख.

"वाचून दाखव," सर म्हणाले. "मला दिसत नाही."

तिनं वाचून दाखवलं. 'दचकले' या शब्दाला अडखळली. पुन्हा वाचलं.

सर ऐकत होते. मान जरा कलती करून, खोल पाण्यातून काही वर येतंय का ते माणूस बघत असावा, तसे.

दूर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. वेळेच्या आधीच आली होती. हेमांगीनं तिकडे पाहिलं. उठली नाही.

"सर."

"हं."

"मग बर्फ कधी गेला?"

 सरांनी हात लांबवून तिची पिशवी ओढली, चाचपडत पुडा शोधला, दातानं दोरा तोडला. एक पेढा काढला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं दोन्ही तळहात उलटे करून दाखवले. राखेनं आणि चिखलानं भरलेले. "हात असले आहेत, सर. आणि तारीख तर..."

सरांनी पेढा त्याच हातावर ठेवला.

"खा. एक तारीख पक्की झाली."